आधी बीपी, मग कॉफी

सिस्टरांच्या घरात कॉफी प्यायची असली तर आधी बाही वर करावी लागायची. ओट्याच्या एका टोकाला चकचकीत कॉफी मशीन आणि दुसऱ्या टोकाला पाऱ्याचं जुनं बीपीचं यंत्र, झाकण कायम उघडं. पाहुणा असो, कुरिअरवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, त्याच्या दंडाला पट्टा बांधला जायचा, फुगा दाबला जायचा, आणि पारा कुठं थांबतो ते बघून सिस्टर निकाल द्यायच्या. पूर्ण कप, अर्धा कप किंवा नुसता फेस. "तुम्हाला आज नुसता फेस" हे वाक्य ऐकून खाली मान घालून बसलेली मोठमोठी माणसं मी तिथं पाहिली आहेत. त्यात शेजारचे निवृत्त सुभेदार होते. सीमेवर मांडीत गोळी घेऊन आलेला माणूस, पण सिस्टरांसमोर चमच्यानं निमूट फेस खायचा.

मी गंगापूरकडची. शहरातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली, म्हणून छावणीत खोली शोधत हिंडत होते. कुणीतरी सांगितलं, वरची खोली रिकामी आहे पण बाई जरा तऱ्हेवाईक आहेत. मी बेल वाजवली. दार उघडलं ते पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या एका बुटक्या, भक्कम बाईंनी. गाऊनवर, छातीशी, नर्स लावतात तसलं उलटं घड्याळ पिनेनं अडकवलेलं.

"काय करतेस?"

"लॅबमध्ये आहे. रक्त काढते."

त्यांनी डावा हात पुढं केला. "काढ."

"आत्ता?"

"सिरिंज नसेल तर माझ्याकडं आहे."

"पण टेस्ट कसली करायची?"

"टेस्ट तुझी आहे, माझी नाही. दुसऱ्यांदा टोचायला लागलं तर खोली विसर."

नशिबानं शीर पहिल्या झटक्यात लागली. सिस्टरांनी सिरिंज उजेडात धरून स्वतःचं रक्त असं न्याहाळलं, जसं काही बाजारातून आणलेलं तेल आहे. मग म्हणाल्या, "शनिवारी सामान आण. आणि हे घेऊन जा, हिमोग्लोबिन बघून सांग. वाया कशाला घालवायचं."

मी पहिल्या आठवड्यात त्यांना मावशी म्हणाले. त्यांनी मला समोर बसवलं. "मावशी वॉर्डात फरशी पुसते. आजी बेडवर पडलेली असते. काकू म्हणशील तर तुझा काका कुठंय ते आधी दाखव. मी सिस्टर आहे." मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईला खरं तर मेट्रन मॅडम म्हणायला हवं होतं, पण त्यांना ते नाव आवडायचं नाही. मेट्रन सह्या करते, सिस्टर काम करते, असं त्यांचं मत. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिथं कधी ड्युटीच लागली नाही."

मशीनची कथा अशी. त्या निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या पोरींनी वर्गणी काढून विचारलं, सिस्टर, काय देऊ? अशा वेळी आमच्याकडं भिंतीवरचं घड्याळ, साडी किंवा बुद्धाची मूर्ती, असं काहीतरी ठरलेलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "बुद्ध घरात आहे. घड्याळ छातीवर आहे. साडी मी नेसत नाही. मला ते वाफेचं कॉफीचं मशीन पाहिजे."

दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये तसलं मशीन होतं. सकाळचा राउंड संपला की आतून फुस्स आवाज यायचा आणि कॉफीचा वास व्हरांडाभर पसरायचा. सिस्टर दाराबाहेर पेशंटचे कागद घेऊन उभ्या. साहेब बदलले, मशीनंही बदलली, पण आत या, घोटभर घ्या, असं कधी कुणी म्हणालं नाही. "माझ्याशिवाय त्यांचं एक पान हलायचं नाही," सिस्टर सांगायच्या. "पण फेस एकटेच खायचे." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. रोग्याचा इतिहास सांगावा तसं सांगायच्या.

पार्सल आलं त्यावर शहराचं नवं नाव होतं आणि आतल्या वॉरंटी कार्डावर जुनं. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं, दोन्ही गावांत गॅरंटी."

पहिल्या दिवशी त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले आणि मला शेजारी उभं केलं. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. ती त्यांनी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचली आणि शेवटी म्हणाल्या, "कुणाला देऊ नये हे कुठंच लिहिलेलं नाही. हलगर्जीपणा आहे हा." मग त्यांनी सगळ्या भागांचं बारसं केलं. कॉफीची भुकटी भरायची ती दांडीवाली गाळणी म्हणजे मूठ. भुकटी दाबायचा तो दट्ट्या. दूध फेसाळायची ती नळी. आणि खाली थेंब गळून साचतात तो जो ट्रे असतो, त्याला बेडपॅन. ही नावं कायमची चिकटली. पुढं पाहुणे हातात कप घेऊन बसलेले असताना सिस्टर आतून मला हाक मारायच्या, "बेडपॅन भरलंय, धुऊन आण गं," आणि पाहुण्यांचे कप हळूच टीपॉयवर जायचे.

मूठ नीट फिरवून बसवायची असते, हे आम्हाला त्या दिवशी माहीत नव्हतं. बटण दाबलं, मशीन घुरघुरलं, आणि मूठ सुटून धाडकन खाली. काळा चिखल सिस्टरांच्या गाऊनवर, माझ्या केसांत, फ्रिजवर. दुसरा प्रयत्न दुधाचा. नळी दुधात बुडवून मग वाफ सोडायची, का आधी वाफ सोडून मग बुडवायची, यावर आमचा वाद चालू होता, तेवढ्यात सिस्टरांनी बटण फिरवलं. अर्धं भांडं दूध छताला. तिथून ते थेंबाथेंबानं आमच्यावर परत यायला लागलं.

मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं. सिस्टरांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "रक्त याच्याहून वर गेलेलं पाहिलंय मी. स्टूल आण."

पण बाई चिकट. महिन्याभरात मशीन त्यांचं ऐकायला लागलं. मशीनवर दाब दाखवणारा काटा होता, तो नऊच्या आसपास स्थिर झाला की म्हणायच्या, "बीपी लागलं." मग छातीवरचं घड्याळ हातात उचलून, नाडी मोजतात तशा मान खाली घालून धार मोजायच्या. कॉफी भसाभस आली तर निदान ठरलेलं, "जुलाब झालेत. बारीक दळ." थेंब थेंब आली तर, "बद्धकोष्ठ. थोडं जाड दळ." मी नंतर शहरातल्या एका महागड्या कॅफेत गेले होते. तिथला दाढीवाला मुलगा याच गोष्टी इंग्रजीत अर्धा तास समजावत होता. सिस्टरांनी ते दोन शब्दांत बसवलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याची भूक मेली असती.

दुधाच्या बाबतीत त्या जास्त हळव्या होत्या. "दुधाला गुदगुल्या करायच्या, मारायचं नाही." नळी पृष्ठभागाजवळ धरली की कागद फाटल्यासारखा आवाज यायला हवा. किंचाळल्यासारखा आला तर नळी खोल गेली. दूध म्हशीचं, पडेगावकडून गवळी आणायचा. एकदा फेस वर आला आणि बघता बघता बसला.

"पाणी घातलंस," सिस्टर गवळ्याला म्हणाल्या.

"नाय ओ सिस्टर. म्हशीनंच पाणी लई पिलं असंल."

"मग उद्या म्हशीला घेऊन ये. तिचं बीपी बघते."

दुसऱ्या दिवशीपासून फेस उभा राहायला लागला. कुणी कुणाला काही बोललं नाही.

खरी गंमत महिन्याच्या शेवटी. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते ज्योतिषीही छातीठोकपणे सांगत नाही, त्यामुळं घरोघर बोअरचं आणि टँकरचं पाणी. त्यात क्षार इतके, की बादलीच्या तळाशी खडूची भुकटी बसावी. मशीनच्या आतल्या नळ्या तुंबल्या. कंपनीला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, मॅडम, मशीन पुण्याला पाठवा. सिस्टर म्हणाल्या, "तुंबलेला पेशंट पुण्याला पाठवत नसतात." किराणा दुकानातून लिंबूसत्वाचा पुडा आला, तो कोमट पाण्यात विरघळवून मशीनच्या पोटात घातला, आणि खालच्या बाजूनं जे काही निघालं त्याचं वर्णन मी करत नाही. सिस्टरांनी मात्र ते समाधानानं बघितलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा दारावर पाटी लागायची, त्यांच्या सुबक अक्षरात: आज एनिमा आहे. कॉफी मिळणार नाही. नवीन माणूस ती पाटी वाचून आल्या पावली परत जायचा.

घरात कप सगळे सारखे, पांढरे, जाडजूड, दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये असतात तसे. आणि नियम एकच, ज्यानं प्यायलं त्यानं धुवायचं. सुभेदार धुवायचे, मी धुवायचे, सिस्टर स्वतःचा स्वतः धुवायच्या. निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार चार कार्यकर्ते घेऊन मतं मागायला आले. बीपी मोजून घेतलं, अर्धा कप प्यायले, कप टेबलावर ठेवून हात जोडले. सिस्टर म्हणाल्या, "धुवायचा राहिला." ते हसले. सिस्टर हसल्या नाहीत. शेवटी उमेदवारांनी बाह्या सावरून कप धुतला आणि कार्यकर्त्यांनी ताबडतोब मोबाइल काढले. संध्याकाळी फेसबुकवर फोटो होता, खाली लिहिलेलं: नाळ मातीशी, नातं माणसांशी. सिस्टर फोटो मोठा करून बघत म्हणाल्या, "कपाचा कान धरायचा तिथं साबण राहिलाय."

आता मी लग्न होऊन पुण्याला असते. अजूनही फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न "पोट साफ होतं का?" हाच असतो, आणि दुसरा प्रश्न नसतो.

सिस्टर चहा पीत नसत. कुणाकडंच नाही. सुभेदारांच्या नातीच्या वाढदिवसाला, विहारात कार्यक्रम असला की तिथं, लग्नात, मयतीत, कुठंही चहा पुढं आला की त्या कपाला हातही लावायच्या नाहीत. मला वाटायचं ॲसिडिटी असेल. एकदा मी सहज विचारलं. त्या दूध फेसाळत होत्या, नळीवरची नजर त्यांनी हलवली नाही.

"आमचं गाव देवगाव रंगारीच्या पलीकडं. बाप पाटलाच्या शेतावर. आजोबांनी दीक्षा घेतली होती, घरात बुद्ध आला होता, पण पाटलाच्या घरापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. तिथं बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात कान तुटलेला एक कप. बाप गेला की तो कप काढायचा, कुणीतरी वरून चहा ओतायचं, बाप प्यायचा, विसळायचा, पालथा घालून ठेवायचा. मी लहान होते. मला वाटायचं, आपल्या बापाचा केवढा मान. पाटलाच्या घरी त्याचा स्वतःचा कप. दुसऱ्या कुणाला त्यातून प्यायची परवानगी नाही. शाळेत पोरींना सांगत सुटले मी."

"मग?"

"मग एका पोरीनं समजावलं. मारकुटी होती, पण खरं बोलायची." त्यांनी वाफ बंद केली. "त्या दिवशी चहा सोडला. चहाचा काही दोष नाही. पण राग कुणावर तरी काढायला लागतो, आणि चहा उलटून बोलत नाही."

त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला आणि आईला विचारलं, आपल्याकडं असा वेगळा कप होता का गं? आई जरा थांबून म्हणाली, "तुला आजच काय सुचलं?"

आणि मग एका रविवारी सकाळी फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, इस्त्रीचा पायजमा, वय सिस्टरांएवढंच. चपला त्यांनी पार फाटकाबाहेर काढल्या होत्या आणि तापलेल्या फरशीवर पाय आळीपाळीनं उचलत होते.

"सिस्टर हायेत का? देवगावाकडून आलोय."

सिस्टर दारात आल्या. बघत राहिल्या. ते त्या पाटलांचे चिरंजीव होते, म्हणजे आता तेच पाटील. लहानपणी सिस्टर त्यांना छोटे मालक म्हणायच्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र सिस्टरांनी पहिल्या वाक्यापासून त्यांना 'तू' म्हटलं, आणि ते शेवटपर्यंत 'तुम्ही'वर राहिले.

"चपला घालून ये इथपर्यंत. पाय भाजतील."

पाटील आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांची बायको सिस्टर होत्या त्याच दवाखान्यात होती. गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं होतं, पण तारीख पुढं पुढं ढकलत होते. खाट मिळाली नव्हती, खाली गादीवर पडून होती.

"वळखीबिगर कोण इचारत नाय तिथं," पाटील म्हणाले. "गावात बोलले, तुमचं नाव सांगा."

"सांगितलंस?"

"सांगितलं. तिथली पोरगी उठून उभी राह्यली."

"मग झालं की काम."

"उभी राह्यली, पण तारीख नाय दिली."

सिस्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. पाटलांना वाटलं ही तपासणी कामाचाच भाग आहे, त्यांनी मुकाट हात दिला. पारा बराच वर थांबला. सिस्टरांनी पट्टा सोडला, बायकोचे रिपोर्ट मागितले, ते माझ्याकडं सरकवले. हिमोग्लोबिन बघून मी म्हणाले, "रक्त फार कमी आहे. म्हणून थांबले असतील."

"हे तुला कुणी सांगितलं का?" सिस्टरांनी पाटलांना विचारलं.

"कोण सांगतंय. आज या, उद्या या, येवढंच."

सिस्टरांनी फोन लावला. त्यांची एक रीत होती. राग आला की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली जायचा, आणि जितका खाली जाईल तितकं समोरच्याचं काही खरं नसायचं. त्या दिवशी तो इतका खाली गेला की मला शेजारी बसून अर्धं ऐकू आलं नाही. फोन ठेवला तेव्हा खाट मिळाली होती, रक्ताच्या पिशव्यांची सोय झाली होती आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती.

पाटील हात जोडून उठायला लागले.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "कॉफी घे."

"नको नको. तसदी कशाला."

"नको म्हणजे बीपीमुळं नको, की माझ्या घरचं नको?"

मी ओट्यावरच्या कपांकडं बघत बसले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तो पार गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत कुणी बोललं नाही.

"आता तसलं काय राह्यलं नाय हो गावात," पाटील शेवटी म्हणाले.

"कोनाडा आहे का अजून?"

"बुजवला. टाइल्स बसवल्या."

"बरं. मग नीट ऐक. तुझ्या बायकोचं काम झालंय. आता तू नाही म्हणालास तरी तारीख हलणार नाही. मी फोन परत करणार नाही. आता मोकळ्या मनानं सांग. घेणार का?"

मी त्या घरात दोन-तीन वर्षं राहिले, पण सिस्टरांना एवढा मोठा खुलासा करताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पाटलांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"द्या," ते म्हणाले.

आता अडचण वेगळीच आली. सिस्टर ओट्याशी जाऊन मुठीत भुकटी भरता भरता थांबल्या. "नियमानं तुला नुसता फेस आहे. पारा बघितलास ना. पण फेस दिला तर तू गावात जाऊन सांगशील, मला वेगळं दिलं."

"नाय सांगणार."

"सांगशील. मी सांगितलं असतं." त्यांनी मूठ बसवली. तिला खाली दोन तोट्या असतात, दोन्हीखाली दोन कप ठेवले. "अर्धा तुला, अर्धा मला."

पाटलांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. पण बाप्यानं कप संपवला. मग रिकामा कप हातात धरून उभे राहिले. मी सवयीनं म्हणाले, "तिकडं बेसिन आहे." आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाला काय सांगतेय. पाटलांच्याही लक्षात आलं. त्यांचे कान लाल झाले. मी कप घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे," सिस्टर मला म्हणाल्या. "इथं सगळेच धुतात."

दोघं बेसिनशी उभे राहिले. पाटलांना कप धुता येत नव्हता, हे उघड होतं. आयुष्यात धुतलाच नसावा. साबण नुसता बाहेरून फिरवत होते. सिस्टर आपला कप धूत तिरक्या नजरेनं बघत होत्या. "आतून घास. कॉफी आत असते." पाटलांनी आतून घासला.

"कुठं ठिवू?"

"कुठंही. सगळे सारखेच आहेत."

ऑपरेशन झालं. बायकोला घरी सोडलं त्या दिवशी पाटील तिला जीपमध्ये घालून आमच्या दारात घेऊन आले. ते स्वतः आत आले नाहीत, जीपवाल्याबरोबर बाहेरच थांबले. मला वाटतं बीपीला घाबरले. ती एकटी, पोटावर हात धरून, पावलं मोजून टाकत आत आली. हाडकुळी, तरतरीत बाई. खुर्चीत बसली आणि सिस्टरांकडं टक लावून बघत म्हणाली, "तू थोरली ना? तुझ्या बापाचंच नाक हाय."

सिस्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी चांगलं निघालं. "तुला पूर्ण कप," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

बाईनं घोट घेतला. "जहर हाय गं हे. लोक पैशे देऊन पितात?"

"पितात."

"शहरातली माणसं येडीच." तिनं आणखी एक घोट घेतला. "चहा न्हाय का तुझ्याकडं?"

"नाही."

बाई कपातला फेस बोटानं हलवत बसली. मग म्हणाली, "तुला एक सांगायचं व्हतं. ऑपरेशनच्या आधी सांगणार व्हते. म्हटलं भूल उतरली न्हाय तर मनातच राह्यचं. पण तू तारीखच येवढी लवकर लावलीस की येळच मिळाला न्हाय."

"आता सांग. भूल उतरलीय."

"नवीन लग्न झालं तवाची गोष्ट. तुझ्या बापाला चहा मी वतायचे. सासू सांगायची, वरून धार धर, कपाला भांडं लागू देऊ नको. मला जमायचं न्हाय. येक दिवस हात हलला आन सगळा त्याच्या हातावर. डाव्या. उकळता."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "आम्हाला म्हणाला, गुऱ्हाळात भाजलं."

"त्यानं तोंडातून ब्र काढला न्हाय. उलट मलाच म्हणाला, पोरी तू आत जा. सासू दारात उभी. ती म्हणाली, हात हलवू नये, हळूहळू सवय व्हईल."

"पाणी ओतलंस का?"

"न्हाय. सासू बघत व्हती."

सिस्टरांचा आवाज खाली गेला. मला वाटलं आता या बाईचं काही खरं नाही. "मग काय केलंस?"

"सांजेला कुणी नव्हतं तवा लोणी घेऊन गोठ्यात गेले. तो बैलांना वैरण टाकत व्हता. लोणी लावलं."

"तू लावलंस? हात धरून?"

"हात धरल्याबिगर लोणी कसं लावणार?"

सिस्टर उठल्या, उगाच मशीनची मूठ काढली, परत बसवली, फडक्यानं ओटा पुसला, तो आधीच पुसलेला होता. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाजल्यावर लोणी लावत नाहीत. आग आत कोंडते. गार पाणी ओतायचं असतं. बराच वेळ."

"मला कुठं ठावं. सतरा वर्साची व्हते मी."

"मला तरी कुठं ठाऊक होतं," सिस्टर म्हणाल्या. "नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले, त्याचा हात बघितला, आणि मीपण लोणीच लावलं."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. थोड्या वेळानं परत दिला. दोघींपैकी कुणीही जागचं हललं नाही.